टॅटू काढायचाय, मला टाईप १ डायबिटीस आणि मैत्रिणीला हार्टचा मेटलचा वॉल्व, अनुभव असतील तर सांगा

पानगळ:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकीच्या विभागात पडला असेल तर ॲडमिननी हलवावा.

मला ११व्या वर्षी टाईप १ डायबिटीस झाला, आता २८ चालू आहे. तेव्हा ॲडमिट होते आणि शेजारच्या पलंगावर माझ्याच वयाची एक मुलगी होती, लहानपणी र्‍हुमॅटिक ताप येऊन तिच्या हार्टची झडप खराब झालेली, ती बदलायचं ऑपरेशन व्हायचं होतं. माझा पलंग १४ नंबर, तिचा १५. रात्री २ वाजता नर्स माझी शुगर बघायला उठवायच्या तेव्हा ही पण उठून बसायची, मला एकटीलाच टोचतात म्हणून. स्वतःच्या ऑपरेशनच्या आदल्या रात्री पण बसली होती. तेव्हापासूनची मैत्री आहे.

तर या वर्षी दोघींनी ठरवलंय की टॅटू काढायचा. मी १५ काढणार, ती १४. फक्त आकडा, छोटासा. माझा घोट्यावर, तिचा मनगटाच्या आतल्या बाजूला. तिला त्याच दिवशी कानाच्या वरच्या भागात पियर्सिंग पण करायचंय. माझं शेवटचं एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) ९.१ आलं होतं. ती रोज वॉरफरिन घेते, रक्त पातळ ठेवायची गोळी. जिथे चौकशी केली तिथे फोनवर म्हणाले शुगरवाले खूप येतात, काही होत नाही, आणि वॉल्वचं ऐकून म्हणाले हरकत नाही, त्या दिवशी पोटभर जेवून या.

का कुणास ठाऊक पण ते ऐकून बरं वाटायच्या ऐवजी पोटात गोळाच आला. कोणाला खरंच माहिती असेल तर सांगा. "कशाला हवेत असले शौक" असं मात्र प्लीज नको, ते घरी ऐकतेच आहे.

रानवारा:
काही होत नाही गं, माझ्या मोठ्या भावाला ८ वर्षं शुगर आहे, त्याने दंडावर अख्खा वाघ काढलाय, मस्त बरा झाला १५ दिवसांत. आणि तू तर रोज इन्सुलिन टोचतेस, दिवसाला ४ धरली तरी १७ वर्षांत जवळजवळ २५ हजार सुया झाल्या, त्यात ही एक काय मोठी. बिनधास्त जा.

त्वचारोगवाली:
रानवारा, भावाचा टॅटू नीट बरा झाला हे छानच, पण इन्सुलिनची सुई आणि टॅटूची सुई यात फार फरक आहे आणि तो आधी सांगते (मी स्किनची डॉक्टर आहे, रोज हेच बघते). इन्सुलिनची सुई एकदा आत जाते, ती निर्जंतुक असते, चरबीत औषध सोडते आणि बाहेर येते, भोक काही वेळात बंद. टॅटूचं मशीन एकाच जागी मिनिटाला शेकडो ते हजारो वेळा टोचतं, सुया साधारण १ ते २ मिलिमीटर आत जातात म्हणजे वरची कातडी ओलांडून खालच्या थरात, आणि तिथे रंग कायमचा सोडून येतात. शरीराच्या दृष्टीने ती उघडी जखम आहे आणि वर आत परकी वस्तू. तो रंग तिथे टिकतो कारण आपल्या पांढऱ्या पेशी तो गिळून बसतात, त्यांना तो पचवता येत नाही. एक पेशी मेली की दुसरी तोच रंग गिळते. म्हणजे टॅटू टिकतो तो आपल्या प्रतिकारशक्तीच्याच जिवावर. म्हणूनच ज्याची प्रतिकारशक्ती, रक्त किंवा जखम भरायची ताकद आधीच बिघडलेली आहे त्याने दुसऱ्याचा टॅटू कसा बरा झाला यावरून आपलं ठरवू नये.

पानगळ, आता तुझं. डायबिटीस आहे म्हणून टॅटू कधीच नाही असं मी म्हणत नाही. पण ९.१ वर नको. शुगर चढलेली असली की जंतूंशी लढणाऱ्या पेशी मंदावतात, बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त नीट पोचत नाही आणि जी जखम दोन आठवड्यांत भरायची ती महिनाभर ओली राहते. एकच असा जादूचा आकडा नाही की याच्या खाली आलं की झालं, पण तुझे डॉक्टर ७ च्या आसपास बघत असतील तर तिथे येऊन काही महिने टिकू दे. आणि घोटा तर अजिबात नको, पाऊल, नडगी, घोटा तिन्ही नकोत. तिथे रक्तपुरवठा मुळातच कमी, चप्पल-बूट घासतात आणि १७ वर्षांच्या डायबिटीसमध्ये पायाची जाणीव कमी झाली असेल तर चिघळल्याचं तुला कळणारही नाही. ज्या जागी इन्सुलिन घेतेस किंवा सेन्सर लावतेस त्या जागाही सोड. हाताचा वरचा भाग किंवा खांद्याखाली दंडाची बाहेरची बाजू बरी. बसशील तेव्हा शुगर मोजत राहा, दुखण्याने ती चढते पण लांबलं आणि खाणं चुकलं तर उतरते पण, ग्लुकोज हाताशी ठेव आणि काढणाऱ्याला आधी सांगून ठेव की मी गप्प झाले किंवा घाम फुटला तर मशीन थांबवा.

मैत्रिणीचं मात्र वेगळं आहे आणि तिथे मी हात जोडून नाही म्हणेन. मेटलचा वॉल्व हा हार्टच्या आतल्या इन्फेक्शनसाठी सगळ्यात जास्त धोक्याच्या गटात येतो. कातडीवरचे जंतू सुईबरोबर रक्तात गेले तर आपलं शरीर ते एरवी साफ करतं, पण कृत्रिम झडपेवर ते चिकटून बसतात आणि तिथे थर धरतात. याला एंडोकार्डायटिस म्हणतात. कृत्रिम झडपेवर झाला तर शिरेतून अँटिबायोटिक निदान ६ आठवडे, पुष्कळदा परत ऑपरेशन, आणि एवढं करूनही पाचातला एक जण हॉस्पिटलमधून घरी येत नाही. युरोपच्या हार्टतज्ज्ञांच्या संस्थेने २०१५च्या मार्गदर्शक सूचनांत अशा पेशंटना टॅटू आणि पियर्सिंग दोन्हीपासून परावृत्त करा असं स्पष्ट लिहिलंय. दातांच्या काही कामांआधी तिला अँटिबायोटिकचा डोस देत असतील, तोच इथे घेऊन चालेल असं वाटू शकतं, तर तसं नाही, टॅटूसाठी तो डोस त्यांनी सुचवलेला नाही.

पानगळ:
त्वचारोगवाली ताई, इतकं सविस्तर लिहिलंत, खूप आभार. तिला वाचून दाखवलं. ती थोडा वेळ काहीच बोलली नाही, मग म्हणाली कान सोडते, पण मनगटावर दोन आकडे, १५ मिनिटांचं काम, आणि वॉरफरिन २-३ दिवस बंद ठेवलं तर रक्त पण येणार नाही फारसं. कुठल्यातरी व्हिडिओत बघितलंय तिने की गोळी थांबवायची. हे चालतं का?

आडवाट:
नाही नाही नाही. कृपा करून आत्ता तिला फोन कर आणि सांग की गोळी थांबवायची नाही.

माझ्या वडिलांना मायट्रलचा (हार्टच्या डाव्या बाजूच्या झडपेचा) मेटल वॉल्व होता. दात काढायच्या वेळी कोणीतरी ओळखीच्याने सांगितलं म्हणून त्यांनी आम्हाला न विचारता स्वतःच्या मनाने गोळी बंद केली. किती दिवस बंद होती ते आम्हाला नंतर डबी बघून कळलं, आठवड्याच्या डबीचे कप्पे असतात ना, सोमवार ते शुक्रवार सगळे भरलेले होते. शनिवारी सकाळी चहाचा कप हातातून पडला आणि उजवी बाजू गेली. झडपेवर गुठळी झाली, ती सुटली आणि मेंदूत जाऊन बसली. नंतर ४ वर्षं होते, बोलणं पूर्ण परत आलंच नाही. ती डबी मी अजून फेकलेली नाही.

मेटलच्या झडपेवर रक्त गोठायला बघत असतं, गोळी आहे म्हणून गोठत नाही. मायट्रलला आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) साधारण अडीच ते साडेतीन ठेवतात आणि वॉरफरिनचा असर उतरायला आणि परत चढायला दिवस लागतात, म्हणजे ३ दिवस बंद केली तर धोका ३ दिवसांचा नसतो, परत सुरू केल्यावर आयएनआर जागेवर येईपर्यंतचा असतो. ऑपरेशनसाठी थांबवतात ते डॉक्टर दुसरी इंजेक्शनं देऊन, रक्त तपासत. टॅटूसाठी कुठलाही शहाणा डॉक्टर हे करणार नाही. आणि गोळी चालू ठेवून केला तर रक्त जास्त येणार, रंग धुतला जाणार, काळंनिळं पडणार, आणि इन्फेक्शनचा धोका तिथल्या तिथेच राहणार. दोन्हीकडून नाहीच आहे.

अजून एक, हे टॅटूचं नाही पण तुझ्या मैत्रिणीला सांगून ठेव. तिला कधीही कारण न कळणारा ताप आला, थंडी वाजली, तर घरातली उरलेली अँटिबायोटिक घ्यायची नाही. आधी डॉक्टरकडे जाऊन "मला वॉल्व आहे" हे पहिलं वाक्य म्हणायचं, ब्लड कल्चर (रक्तात जंतू आहे का ती तपासणी) आधी आणि गोळी नंतर. आधी गोळी घेतली तर कल्चरमध्ये जंतू सापडत नाही आणि मग डॉक्टर अंधारात चाचपडतात.

त्वचारोगवाली:
आडवाट, शब्दन् शब्द बरोबर आहे. वडिलांचं वाचून वाईट वाटलं.

रक्त गोठू नये म्हणून अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल घेणाऱ्यांनाही हेच. स्टेंट घातलेला माणूस टॅटूसाठी क्लोपिडोग्रेल थांबवतो तेव्हा स्टेंट बंद व्हायचा धोका असतो. हिमोफिलिया किंवा व्हॉन विलेब्रँडचा आजार (दोन्हींत रक्त लवकर गोठत नाही) असेल तर आपल्या रक्ताच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठलीच सुई नको, त्यातही जीभ नकोच, जिभेतून रक्त थांबत नाही आणि सूज आली तर श्वास अडकतो.

चांदणवेल:
पानगळ, मैत्रिणीने कानाचा विचार सोडला हे फार बरं केलं. माझा अनुभव लिहिते.

मला ल्युपस आहे (प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते तो आजार) आणि किडनीवर आल्यामुळे तेव्हा स्टिरॉइड आणि मायकोफेनोलेट, प्रतिकारशक्ती दाबणारी दोन्ही औषधं चालू होती. कानाची पाळी लहानपणीच टोचलेली, काही झालं नव्हतं, म्हणून वरचा भाग टोचायला काय हरकत असं वाटलं. आजार सांगितला नाही कारण फॉर्मवर तो रकानाच नव्हता आणि मलाही सुचलं नाही. प्लास्टिकच्या गनने टोचलं. चौथ्या दिवशी कान गरम लागायला लागला, पाचव्या दिवशी चष्म्याची काडी कानावर टेकवता येईना, मी दोन दिवस चष्मा एका हाताने धरून काम केलं. ताप नव्हता. स्टिरॉइडमुळे ताप दबतो हे मला तेव्हा माहीत नव्हतं, मी आपली ताप नाही म्हणजे साधी सूज आहे म्हणून थांबले. सातव्या दिवशी वरचा अख्खा कान लालबुंद, चकचकीत, आणि पाळी मात्र अगदी नॉर्मल. ईएनटी डॉक्टरांनी दारातूनच बघितलं आणि म्हणाल्या हे कूर्चेचं (कानाच्या मऊ हाडाचं) इन्फेक्शन आहे, पाळीत कूर्चा नसते म्हणून ती वाचलीये. स्यूडोमोनास नावाचा जंतू निघाला. चिरून पू काढला, ९ दिवस ॲडमिट. कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, ती वरच्या आवरणावर जगते, मध्ये पू साठला की ती उपाशी मरते. माझ्या कानाची वरची कड आता चुरगळलेल्या कागदासारखी आहे. केस मोकळे सोडते, पण चष्मा अजून तिरका बसतो.

ज्यांना करायचंच असेल त्यांनी इतकं तरी बघा की कूर्चेला गन नको. गनचा प्लास्टिकचा भाग ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात) घालता येत नाही आणि ती भोक पाडत नाही तर बोथट टोक दाबून घुसवते. एकदाच वापरायची पोकळ सुई वेगळी असते. आणि पाळी जरी ६-८ आठवड्यांत भरली तरी कूर्चेला ३ महिने ते वर्षभर लागू शकतं, बेंबीला ६ महिने ते वर्ष. म्हणजे स्टिरॉइडचा डोस आज कमी आहे म्हणून आज टोचलं आणि दोन महिन्यांनी ल्युपस भडकून डोस वाढला तर भोक अजून ओलंच असणार. हे मला कोणी आधी सांगायला हवं होतं.

गवतफूल:
चांदणवेल, वाचताना माझा हात कानाकडे गेला.
मी बायॉलॉजिक इंजेक्शनवर आहे (प्रतिकारशक्तीचा ठरावीक भाग दाबणारं), सोरायसिससाठी. पोटरीवर टॅटू काढला, दोन आठवड्यांनी बरोबर त्या वेलीच्या रेघांवरूनच सोरायसिस उठला, अगदी कार्बन कॉपी. वेल दिसायची बंद झाली, फक्त खवले. त्वचेला जिथे इजा होते तिथेच आजार उगवतो, याला कोबनर म्हणतात असं नंतर कळलं. सोरायसिसवाल्यांत साधारण चारातल्या एकाला होतं म्हणे. मला आधी कळायला पाहिजे होतं, कारण खरचटलं की तिथे चट्टा यायचाच, खूण समोर होती.

त्वचारोगवाली:
हो, आणि कोड आणि लायकेन प्लॅनसमध्येही (खाजरे जांभळट चट्टे येतात तो आजार) असंच होतं. कोडाचा डाग झाकायला कातडीच्या रंगाचा टॅटू काढून घेणारे येतात, मग त्याच्या कडेने नवा डाग. कोड स्थिर आहे का, म्हणजे किमान वर्षभर नवीन डाग नाही ना, हे बघितल्याशिवाय नको.

केलॉइडचंही इथेच सांगते. साधा जाड व्रण जखमेच्या आत राहतो, केलॉइड जखमेची हद्द ओलांडून वाढतो. कानाची पाळी, छाती, खांदे या त्याच्या आवडत्या जागा. आधीच्या कुठल्याही जखमेवर, टाक्यांवर, लसीच्या जागेवर असं फुगून आलं असेल किंवा आई-वडिलांना असेल तर टोचूच नका. नुसता कापून काढला तर पुष्कळदा पहिल्यापेक्षा मोठा होऊन परत येतो.

मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेणाऱ्यांना गोळी संपल्यावर ६ महिने थांबा असं आम्ही सांगतो, जखमा कशा भरतील याचा भरवसा नसतो. तिळावर टॅटू नको, पुढे तो तीळ बदलला तर दिसणार नाही.

सुईदोरा:
मी टॅटू आर्टिस्ट आहे, ११ वर्षं. धागा वाचून लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

फोनवर जे सांगितलं गेलं ते वाचून मलाच लाज वाटली. पोटभर जेवून या हे चक्कर येऊ नये म्हणून सगळ्यांना सांगतो, ते वॉल्ववर उत्तर नाही. चांगल्या स्टुडिओत फॉर्म असतो आणि त्यात शुगर, बीपी, हार्ट, रक्त पातळ करायच्या गोळ्या, फिट, ॲलर्जी, कावीळ, प्रेग्नन्सी, गेल्या सहा महिन्यांतली ऑपरेशनं सगळं विचारलेलं असतं. लोक काय करतात तर सगळीकडे "नाही"वर टिक मारतात कारण त्यांना भीती असते की आम्ही परत पाठवू. एकदा दंडावर काम चालू असताना मुलाचे डोळे फिरले, फिट आली, मी मशीन बाजूला फेकलं म्हणून सुई खोल गेली नाही. फॉर्मवर फिटच्या पुढे "नाही" होतं. त्याने सांगितलं असतं तर मी झोपवून, लहान लहान बैठकीत केलं असतं, किंवा शेवटची फिट कधी आली ते विचारून नाही म्हटलं असतं. तुम्ही लपवता तेव्हा आमच्या हातातली सुई आंधळी होते.

सुई नवीन आहे, पाकीट समोर फोडलं, एवढ्याने समाधान मानू नका. शाई पण बघा. अमेरिकेत रोचेस्टरला २०११ मध्ये एकाच दुकानातल्या बऱ्याच जणांना टॅटूवर लाल पुरळ आलं, शोध घेतला तर आधीच पातळ करून आलेल्या ग्रे शाईत मायकोबॅक्टेरियम निघाला, टीबीच्या जंतूचा लांबचा भाऊ. सुई स्वच्छ होती, दुकान स्वच्छ होतं. हा जंतू साध्या अँटिबायोटिकला दाद देत नाही, महिनोन्महिने औषध चालतं. म्हणून शेड पातळ करायला नळाचं पाणी वापरताना दिसलं तर उठून निघून या, निर्जंतुक पाणीच पाहिजे. ज्याची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली आहे, ट्रान्सप्लांट झालेलं आहे, केमो चालू आहे, त्यांचं काम मी घेतच नाही.

बधिर करायच्या क्रीमबद्दल पण बोलायचंय कारण आजारी माणसाला दुखू नये म्हणून तीच भरपूर लावली जाते. अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) २०२४ मध्ये इशारा दिला की काही क्रीममध्ये लिडोकेन, म्हणजे बधिर करणारं औषध, ४ टक्क्यांहून जास्त असतं, ते मोठ्या भागावर, तास न् तास, वर प्लास्टिक गुंडाळून ठेवलं तर रक्तात जातं आणि हार्टचे ठोके बिघडतात, फिट येते. लिव्हर कमजोर असेल तर ते लवकर उतरतही नाही. माझ्याकडे लोक घरूनच मांडीभर लावून, गुंडाळून येतात. आता मी आधी विचारतो काय लावलंय, ट्यूब दाखवा.

लाल रंगाची ॲलर्जी सगळ्यात जास्त बघितलीये, कधी कधी २-३ वर्षांनी सुद्धा उठते. दागिन्यात निकेल. "सर्जिकल स्टील" म्हणून देतात त्यात निकेल असतंच, ज्यांना घड्याळाच्या पट्ट्याने खाज येते त्यांनी इम्प्लांटला वापरतात तसलं टायटॅनियम मागा. लेटेक्सची ॲलर्जी असेल तर आधी सांगा, ग्लोव्ह बदलता येतात.

एक_वाचक:
मला मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस, मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार) आहे, वर्षातून एकदा तरी एमआरआय होतो. टॅटू असेल तर एमआरआयमध्ये भाजतं, शाईत लोखंड असतं असं ऐकलंय. म्हणजे आमच्यासारख्यांनी विषयच सोडायचा का?

त्वचारोगवाली:
सोडायचं कारण नाही. २०१९ साली एक चांगला अभ्यास आला, ३३० लोक, त्यांच्या अंगावर मिळून ९३२ टॅटू, सगळ्यांचे एमआरआय केले, टॅटूमुळे त्रास एकालाच झाला आणि तोही किरकोळ. स्कॅनच्या आधी टेक्निशियनला सांगायचं आणि आत गरम वाटलं तर हातातलं बटण दाबायचं. स्कॅन कधीच टाळायचा नाही. पियर्सिंगचे दागिने मात्र सगळे काढायचे, म्हणून नुकतंच टोचलेलं आणि स्कॅनची तारीख जवळ असं करू नका, काढलं की भोक मिटतं. तुमच्या एमएसच्या औषधाने प्रतिकारशक्ती दबते का ते मात्र न्यूरॉलॉजिस्टना विचारा, तुमच्यासाठी एमआरआयपेक्षा तो प्रश्न मोठा आहे.

शाई लिम्फ नोडमध्ये जाऊन साठते. ब्रेस्ट कॅन्सरच्या तपासणीत काखेतल्या गाठी गडद दिसल्या तर टॅटू आहे हे डॉक्टरांना माहीत असलेलं बरं, नाहीतर विनाकारण धावपळ होते. काखेतल्या गाठी काढलेल्या असतील आणि हाताला सूज राहत असेल तर त्या हातावर टॅटू नको.

मधुघट:
लिव्हरवाल्यांबद्दल कोणी सविस्तर लिहिलं नाही म्हणून लिहिते, माझ्या दिराला सिरॉसिस आहे. त्याच्या डॉक्टरांनीच ही केस सांगितली, २०१७ मध्ये छापून आलेली. ३१ वर्षांचा माणूस, दारूने लिव्हर खराब झालेलं, पायावर टॅटू काढला आणि ५ दिवसांनी मेक्सिकोच्या आखातात पोहायला गेला. कोमट खाऱ्या पाण्यात व्हिब्रिओ व्हल्निफिकस नावाचा जंतू असतो, तो त्या ओल्या टॅटूतून आत शिरला. दोन महिन्यांच्या आसपास हॉस्पिटलात राहून गेला तो. लिव्हर चांगलं असतं तर कदाचित वाचला असता. दिराला सांगितलंय की टॅटू तर नाहीच, पायाला साधी जखम असेल तरी समुद्रात उतरायचं नाही.

आणि दुसरी बाजू म्हणजे निरोगी लिव्हर खराब व्हायची. हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तात शरीराबाहेर निदान ७ दिवस जिवंत राहतो. ज्यांना डायलिसिस आहे किंवा पुढेमागे ट्रान्सप्लांट होणार आहे त्यांनी तर बीची लस पूर्ण झाली का बघितल्याशिवाय कुठेही टोचून घेऊ नये. हिपॅटायटिस सीची लस नाहीये.
घरात कोणाला नियमित रक्त द्यावं लागत असेल तर हेही लक्षात ठेवा की टॅटू किंवा पियर्सिंगनंतर रक्तदान काही महिने बंद, किती ते देशानुसार बदलतं.

रानवारा:
मी वर बिनधास्त जा म्हणालो होतो ते मागे घेतो. भावाला विचारलं, तो म्हणाला टॅटूच्या आधी तीन महिने त्याने शुगर खाली आणली होती आणि डॉक्टरांना विचारूनच गेला होता, मला यातलं काही माहीतच नव्हतं. पानगळ, सॉरी.

पानगळ:
रानवारा, सॉरी कशाला, तुझ्यामुळेच तो सुयांचा हिशोब निघाला आणि खरंच ते डोक्यातून जात नाहीये. २५ हजार सुया. तिच्या दर महिन्याच्या आयएनआरच्या वेगळ्या. त्यातली एकही आम्ही मागितलेली नव्हती. म्हणून ही एक आपण ठरवून घ्यायची होती, आपल्याला हवी तिथे, आपल्याला हवी तेव्हा. कोणी विचारलं नाही पण सांगावंसं वाटलं, कारण आजारी माणसाला टॅटू म्हणजे फॅशन असं घरचे समजतात.

दोघी आपापल्या डॉक्टरांकडे जाणार आहोत. काय झालं ते इथेच लिहीन.

चांदणवेल:
वाट बघते. जे काही ठरेल ते लिही, नाही ठरलं तरी लिही.

पानगळ (७ महिन्यांनंतर):
धागा वर काढतेय, उशीर झाला त्याबद्दल माफी.

तिच्या कार्डिऑलॉजिस्टनी ऐकून घेतलं, ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, तुझी झडप मी १७ वर्षं सांभाळली आहे, मला अजून ४० सांभाळू दे. ती नाही म्हणून आली. एकदाच रडली, रिक्षात, मी शेजारी होते.

माझ्या डॉक्टरांनी घोटा ऐकल्या ऐकल्या पायाला मोनोफिलामेंट लावून बघितलं, तो नायलॉनचा बारीक तंतू असतो ना, डोळे मिटायचे आणि टेकला की हो म्हणायचं. डाव्या अंगठ्याखाली मला तो दोनदा कळलाच नाही. ते बघून माझे हातपाय गार पडले, कारण मी तिथेच, त्याच पायावर काढायला निघाले होते. आता पायाची काळजी वेगळी सुरू झालीये. एचबीए१सी ९.१ वरून ७.२ वर यायला साडेपाच महिने लागले, मग त्यांनी उजव्या दंडाला होकार दिला, मी इन्सुलिन पोटावर आणि मांडीवर घेते म्हणून ती जागा मोकळी होती.

सुईदोरांनी लिहिलं तसा फॉर्म असलेली जागा शोधली, जिथे आधी चौकशी केली होती तिथे गेले नाही. बाईंनी फॉर्म वाचून डॉक्टरांची चिठ्ठी मागितली, निर्जंतुक पाण्याची बाटली समोर फोडली, आधी शुगर किती आहे विचारलं, १३८ होती. लाल रंग घेतला नाही, काळाच. २० मिनिटं लागली. तिसऱ्या दिवशी थोडं लाल झालं तेव्हा मी पेनने कडेने रेघ मारून ठेवली, लाली रेघेच्या बाहेर गेली तर लगेच जायचं असं ठरवून. गेली नाही. खपली १६व्या दिवशी पडली. आज ६ आठवडे झाले, बोट फिरवलं तर कातडी सपाट लागते. दंडावर १५ आहे.

ती माझ्याबरोबर आली होती. माझं झाल्यावर त्या बाईंनी विचारलं की तुम्हाला काय, तर तिने सगळं सांगितलं, वॉल्व, वॉरफरिन, पलंग नंबर. बाईंनी सुई उचललीच नाही. १४चा स्टेन्सिल कागद कापला, तिचं मनगट पुसलं, कागद ठेवून दाबला आणि हळूच उचलला. जांभळा १४ उमटला, न टोचता. तिने अंघोळीला तो हात पाण्याबाहेर धरला, ५ दिवस टिकला. बाईंनी उरलेला कागद पाकिटात घालून दिलाय, तिच्या पर्समध्ये असतो, वॉरफरिनच्या कार्डाच्या मागे.